दामूअण्णांच्या पेटीला माशाचा वास

माझ्या टेबलाखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. वाद्यांतून काढलेले मेलेले कपॅसिटर मी त्यात टाकते. नंतर फेकू म्हणून ठेवलेत, पण फेकणं काही होत नाही आणि डबा भरतच जातो. प्रत्येक कपॅसिटरबरोबर एक गिऱ्हाईक येतं, गिऱ्हाइकाबरोबर डोकेदुखी येते, आणि डोकेदुखी उतरली की मागे एक किस्सा उरतो. परवा एक मैत्रीण म्हणाली, "तुला बरी गं असली मजेशीर माणसं भेटतात!" मजेशीर? ये ना बाई, एक दिवस माझ्या जागेवर बसून बघ!

आधी माझं सांगते. बारामतीत स्टँडमागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही नाही, मोबाईल नाही, मिक्सर तर मुळीच नाही. जुने कीबोर्ड, ऑर्गन, इको मशीन आणि अँप्लिफायर. आपल्याकडच्या बँडवाल्यांनी आणि ऑर्केस्ट्रावाल्यांनी ऐन भरात असताना घेतलेली ही वाद्यं अजूनही लग्नसराईत वाजतात. ह्या सगळ्यांच्या पोटात कपॅसिटर असतात. करंगळीच्या पेराएवढी डबडी. आलेली वीज धरून ठेवायची आणि एकसारखी सोडायची, एवढंच त्यांचं काम. वय झालं की ती सुकतात, त्यांचं डोकं फुगतं, बुडातून गळायला लागतात. मग कीबोर्ड घरघरतो, सूर थरथरतो आणि एक दिवस ऐन वरातीत राम म्हणतो. वेळेवर तपासून बदलले, तर त्या वाद्याला पुढे कित्येक वर्षं काही होत नाही.

पण वेळेवर आणतंय कोण! "चालू हाय न्हवं? मग कशाला उघडायचं?" हे वाक्य मी ह्या पट्ट्यात इतक्यांदा ऐकलंय, की गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की मीच ते म्हणून टाकते.

आणि हे वाक्य सगळ्यात जास्त कोणी ऐकवलं असेल, तर दामूअण्णांनी. अण्णा एसटीतले रिटायर ड्रायव्हर. नरसिंहपूरच्या अलीकडे एका वाडीत राहतात. तरुणपणी सुट्ट्या टाकून ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा तोच कीबोर्ड घेऊन गावच्या भजनात बसले. वाडीत त्याला सगळे अण्णांची पेटीच म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ. बारामतीला आले की माझ्याकडे चहा ठरलेला, आणि माझं बोलणंही ठरलेलं. "अण्णा, पेटी आणा एकदा. कपॅसिटर बघते." "चालू हाय की ताई!"

ह्या चालू पेटीपायी यंदा अण्णांच्या गळ्यातली माळ उतरायची वेळ आली होती. तेच सांगायचंय. पण एकदम तिथे गेले तर तुमचा विश्वास बसायचा नाही. आधी बाकीची मंडळी बघा, म्हणजे मी कसल्या लोकांत दिवस काढते ते कळेल.

*

दुकानावर पाटी आहे. पाटीवर माझं नाव आहे. तरी एक गृहस्थ अँप्लिफायर खांद्यावर घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "मिस्त्री हायत का?"

"बोला ना."

"न्हाय, मिस्त्री पायजेत."

"मीच मिस्त्री."

"बरं बरं," असं म्हणून ते बाकावर बसले आणि म्हणाले, "मग कधी येत्याल ते?"

मी कपाळाला हात लावला आणि अँप्लिफायर उघडला. मोठे दोन कपॅसिटर फुगून टम्म झाले होते. ते काढले, नवे लावले, माईक जोडून आवाज दाखवला. गृहस्थ समोर बसून सगळं बघत होते. दामूअण्णाही तिथेच चहा पीत होते.

निघताना गृहस्थांनी अँप्लिफायर खांद्यावर चढवला आणि मायेने म्हणाले, "ताई, मिस्त्री आले की सांगा त्यास्नी, काम झालं म्हणून. उगं वाट बघत बसतील माझी."

अण्णांच्या नाकातून चहा आला. मला मात्र अजिबात हसू आलं नाही.

*

कळंबचे बबनराव म्हणजे बँडचे मालक आणि ऊस बागायतदार. दोन्ही धंदे एकाच डोक्याने चालवतात, आणि तीच तर अडचण आहे!

त्यांचा ऑर्गन घरघरायला लागला. मी फोनवर ऐकूनच सांगितलं, "कपॅसिटर गेलाय. घेऊन या." आता बबनरावांना कपॅसिटर ठाऊक आहे, पण तो शेतातला. लाईट टू फेज झाली तरी विहिरीवरची मोटार ओढावी, म्हणून आपल्याकडे स्टार्टरला एक भलामोठा कंडेन्सर लावतात ना, तो! बबनरावांनी विचार केला, एवढ्यासाठी बारामती कशाला?

आठवड्याने ऑर्गन आला तो टमटममधून. त्याच्या पाठीला, सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेला, मोटारीचा कंडेन्सर. तो आत मावेना म्हणून बाहेर. आतली वायर ओढून त्याला जोडलेली.

"बबनराव, हे काय?"

"बारका व्हता म्हणून तर गेला त्यो! म्हणलं ह्या टायमाला दमाचा टाकू."

"आणि मग?"

"मग काय, धाप्पदिशी आवाज झाला आन् तवापासनं गप हाय." बबनरावांना माझा नाही, ऑर्गनचा राग आला होता. "ताई, पाच एचपीची मोटार वढतोय ह्यो! आन् तुमच्या ह्या पेटीला वढवंना?"

मी त्यांना बसवून समजावलं. शांतपणे. जेवढं शांतपणे मला जमतं तेवढं. म्हटलं, ही बारकी डबडी लहान दिसली तरी सगळा जीव ह्यांच्यातच असतो. ह्यांना जपा. बबनरावांनी मान डोलावली. "सगळा जीव ह्यातच," ते स्वतःशी म्हणाले. माझं कुणीतरी ऐकलं म्हणून मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं दसऱ्यापर्यंत टिकलं.

*

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, तशी बँडवाले वाद्यांची करतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. माझी त्याला काही हरकत नाही. हळद कीबोर्डाच्या पट्ट्यांत जाते, कुंकू स्विचमध्ये जातं, नारळाचं पाणी स्पीकरमध्ये जातं, आणि दसऱ्यानंतर पंधरा दिवस माझ्या दुकानात देवळाचा वास येतो. मी आता ब्रश आणि स्पिरिट आधीच आणून ठेवते.

त्या वर्षी बबनरावांचा ऑर्गन पुन्हा आला. वरून स्वच्छ! एक कण नाही कुंकवाचा! मी खूश झाले. म्हटलं, चला, ह्यांना तरी अक्कल आली.

पाठीमागचे स्क्रू काढून झाकण उचललं.

आत एकेका कपॅसिटरच्या डोक्यावर हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, आणि मधोमध, माझ्या नव्या फिल्टर कपॅसिटरला, दोऱ्याने बांधलेलं झेंडूचं फूल. अक्षता सगळ्या सर्किटावर. एक सुपारीसुद्धा होती.

मी फोन लावला. माझा आवाज शेजारच्या गिरणीत गेला असणार. "बबनराव! हे काय करून ठेवलंय?"

"का? काय चुकलं का?" ते बिचारे घाबरले. "आवो तुमीच म्हणला व्हता न्हवं, समदा जीव ह्यातच हाय म्हणून! मग वरनं वरनं पूजा करून काय उपेग?"

मी ब्रश घेतला आणि अक्षता वेचायला बसले.

*

तुम्हाला वाटेल शहरातली माणसं बरी असतील. तर ऐका.

बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा ऑर्गन माझ्याकडे विकायला होता. तो बघायला पुण्याहून एक जण आला. डोक्याला हेडफोन, पाठीला रेकॉर्डर, आणि बोलण्यात दर वाक्याला 'विंटेज'. मी आदल्या आठवड्यातच त्या ऑर्गनचे सगळे कपॅसिटर एकेक करून तपासले होते, कमजोर होते ते बदलले होते. आवाज अगदी नितळ झाला होता.

त्याने एक पट्टी दाबली आणि डोळे मिटले. "अहाहा! ही खालची घरघर ऐकताय? हे नवीन वाद्यांत मिळतच नाही."

मी म्हटलं, "ती ऑर्गनची नाही, शेजारच्या पिठाच्या गिरणीची आहे."

"मॅडम, मी बारा वर्षं ह्याच फील्डमध्ये आहे," तो हसून म्हणाला. "प्लीज कपॅसिटरना हात लावू नका. ओरिजिनल राहू द्या."

माझा हात कधीच लावून झाला होता! तेवढ्यात गिरणीवाल्याचं दळण संपलं. गिरणी थांबली. घरघर थांबली. पुणेकराने पट्टी दाबली आणि त्याचा चेहरा पडला. "गेला! आवाज गेला!"

मी बोटाने भिंतीकडे दाखवलं. तो उठला, गिरणीत गेला, आणि गिरणी चालू करा म्हणून विनवायला लागला. गिरणीवाला आमच्या दामूअण्णांपेक्षा हट्टी. "नुसती कशी चालू करू? जातं घासंल! काहीतरी आणा दळायला."

पुणेकर बाजारात गेला आणि ज्वारी घेऊन आला. गिरणी सुरू झाली. ह्याने इकडे हेडफोन लावून मन भरेपर्यंत रेकॉर्डिंग केलं. ऑर्गन पुण्याला गेला तो ज्वारीच्या पिठाच्या पिशवीसकट. नंतर त्याचा फोन आला होता. भाकरी चांगल्या झाल्या म्हणाला.

*

आता नाकाची गोष्ट. कपॅसिटर गळायला लागला की त्यातलं पाणी तापतं आणि त्याला वास येतो. हुबेहूब माशाचा! म्हणून मी वाद्य उघडलं की मीटर लावायच्या आधी नाक लावते. नाकाने बहुतेक वेळा दगा दिलेला नाही. दिला तो भिगवणला.

भिगवणला हायवेवर संपतरावांचं मच्छीचं हॉटेल आहे. संपतराव म्हणजे दामूअण्णांच्या ऑर्केस्ट्रातले गायक. ऑर्केस्ट्रा गेला तरी त्याचा अँप्लिफायर त्यांनी हॉटेलात ठेवलाय, आणि रविवारी गर्दी असली की काउंटरवरूनच दोन गाणी म्हणतात. तो अँप्लिफायर भिंतीत पक्का बसवलेला, म्हणून मलाच बोलावलं. ओळखीचे म्हणून अण्णा बरोबर आले. पण माळकरी माणूस मच्छीच्या हॉटेलात पाऊल कसं टाकणार? ते बाहेर, रस्त्याकडेच्या बाकावर, हॉटेलकडे पाठ करून बसले. चहासुद्धा पलीकडच्या टपरीवरून मागवला.

मी आत अँप्लिफायर उघडला, नाक लावलं, आणि वास आला. पण कुठून? एका बाजूला तवा, दुसऱ्या बाजूला बर्फातली मासळी, पाठीमागे जेवणारी माणसं. मी ह्या बाजूने वाकले, त्या बाजूने वाकले, आणि अंदाज पक्का झाल्यावर, माझी मेलीची सवय, मोठ्याने म्हणाले, "संपतराव, वास येतोय हो! आतून पार सडलंय!"

एका गिऱ्हाइकाचा घास ताटात परत गेला. दोन टेबलं उठून चालू लागली.

"ताई!" संपतराव काउंटरवरून ओरडले. "अँप नीट कराय बोलीवलं का धंदा बसवाय?"

मी कपॅसिटर म्हणत होते, पण ऐकतंय कोण! संपतरावांनी गरम तळलेल्या चिलापीचं ताट उचललं, उठून गेलेल्या गिऱ्हाइकांच्या मागे रस्त्यावर धावले, आणि ती गाडीत बसून निघून गेल्यावर ताट घेऊन तसेच अण्णांसमोर उभे राहिले. "अण्णा, तुमी सांगा! तुमी खोटं बोलनार न्हाय. ह्यात काय सडलंय? घ्या, नाक घाला!"

अण्णा नाकाला उपरणं लावून मागे सरकत होते, संपतराव ताट पुढे सरकवत होते, आणि नेमकी त्याच वेळी इंदापूरला जाणारी एसटी समोर थांबली. खिडकीत अण्णांच्या वाडीचा एक जण बसला होता. त्याने पाहिलं काय? मच्छीचं हॉटेल, बाकावर अण्णा, आणि पुढ्यात ताट!

एसटी गेली. अण्णा नुसते म्हणाले, "ताई, झालं कल्याण."

*

ते कल्याण एकादशीच्या भजनाला झालं.

वाडीच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष आबा. वय झालेलं, पण शब्द कडक. कांदा-लसूण खाऊन आलेल्याच्या हातात टाळ देत नाहीत. मारुतीच्या देवळात भजन रंगलं, अण्णांची पेटी चांगली तापली, आणि सभामंडपात हळूहळू माशाचा वास पसरला.

आबांनी हात वर केला. भजन थांबलं. "कोन खाऊन आलंय?"

मग एकेकाचे हात हुंगले. पखवाजवाल्याचे हुंगले, टाळकऱ्यांचे हुंगले. अण्णांनी थोड्या वेळापूर्वीच पेटीच्या बुडाखाली हात घालून ती सरकवली होती. त्यांच्या बोटांना वास आला. झालं! एसटीच्या खिडकीतला साक्षीदार तिथेच बसला होता. तो उठून म्हणाला, "म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय, भिगवणला. ताट व्हतं म्होरं."

आबा म्हणाले, "दामू, माळ काढून देवापुढं ठिव. मंग काय खायचं ते खा."

अण्णा दोन आठवड्यांनी दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. चहा तसाच निवला. "ताई, बापानं घातल्याली माळ हाय," ते म्हणाले. "मी काढली न्हाय. पन भजनात बसू देत न्हाईत. माळ घालून घरात बसलोय, चोरावानी."

मला इतका राग आला! आबांचा आला, संपतरावांच्या ताटाचा आला, आणि सगळ्यात जास्त अण्णांचा. "अण्णा, किती वर्षं सांगतेय मी? पेटी आणा, पेटी आणा! कपॅसिटर गळालाय तो! आणा आत्ता, दहा मिनिटांत बदलते!"

"आता न्हाय उघडायची."

"आता का नाही?"

"आता उघडली तर म्हनत्याल, पुरावा धुतला. मंडळाच्या खोलीतच ठिवून आलोय म्या. उघडायची तर समद्यांम्होरं."

पहिल्यांदाच त्या माणसाने पेटी न उघडण्याचं पटण्यासारखं कारण दिलं होतं. मी हत्यारांची पिशवी भरली आणि निघाले.

*

मंडळाची खोली गच्च भरली होती. आबा मध्यभागी घोंगडीवर बसलेले. मी आधीच अट घातली, अण्णांनी बाहेर पारावर बसायचं. म्हणजे अण्णा नसताना वास आला, तर वास अण्णांचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल!

पेटी उघडली. जिथे वाटलं होतं तिथेच होता तो. बुडातून गळून काळा पडलेला, सर्किटावर तेलकट डाग. मी सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि तो मोकळा करायला घेतला. उष्णता लागली आणि वास असा उठला की मंडळी धोतराचे सोगे नाकाला लावून मागे सरली.

"बघा!" मी विजयाने म्हणाले. "अण्णा कुठे आहेत? बाहेर! वास कुठे आहे? आत!"

एसटीतला साक्षीदार म्हणाला, "पन ताई, तुमी काय खाऊन आलाय?"

"मी? मी... आज काही नाही खाल्लं!"

"आज न्हाय. म्हंजी खाता."

खोलीत कुजबुज सुरू झाली. मी खाते, त्यात लपवायचं काय आहे? पण आता वास माझ्या नावावर चढला! मी मोकळा केलेला कपॅसिटर पिशवीतल्या एका डब्याच्या झाकणावर ठेवला आणि सगळ्यांपुढे धरला. "हा घ्या. मी लांब उभी राहते. ह्याचा वास घ्या आणि सांगा."

कुणी हात पुढे करेना. एक जण म्हणाला, "माळकऱ्यानं असला वास तरी कशाला घ्यायचा?" दुसऱ्याला ते पटलं. तिसरा म्हणाला, "आन् घेऊन कळायचं कसं? आमी काय कवा मासा हुंगलाय?" हेही सगळ्यांना पटलं. खोलीभर माणसं, आणि अण्णांच्या बाजूने साक्ष देईल असं नाक एकाकडेही नाही! मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात मी नवा कपॅसिटर लावला, झाकण बसवलं, स्क्रू आवळले. पेटी नीट झाली होती. अण्णांची माळ होती तिथेच अडकली होती. दारातून मला ते पारावर बसलेले दिसत होते, माळेवर हात ठेवून.

शेवटी आबा खाकरले. "आना हिकडं. मंडळाचा अध्यक्ष म्हणून मला खरंखोटं केलंच पायजे."

मी झाकण त्यांच्यापुढे धरलं. आबांनी डोळे मिटले. एकदा वास घेतला. मान जरा कलती करून पुन्हा घेतला.

"न्हाय," आबा म्हणाले. "मासा न्हाय ह्यो."

माझा जीव भांड्यात पडला. कुणीतरी अण्णांना हाक मारली. अण्णा दारात येऊन उभे राहिले. पण आबांना एवढ्यावर थांबवेना. निकाल द्यायचा तर पक्का द्यायचा, असा त्यांचा स्वभाव.

"चिलापी आसती, तर वास असा घशात बसला नसता," ते म्हणाले. "मरळ ताजी आसली तर तिला वासच नसतो. आन् वाम म्हनावी, तर तिला गाळाचा वास येतोय, चिंचंच्या कोळात घातल्याबिगर जात न्हाय. ह्यो त्यातला कुठलाच न्हाय. दामूची माळ सोळा आणे खरी हाय. कुनाला शंका?"

कुणाला काही शंका नव्हती. पखवाजवाला पखवाजाची दोरी ओढत बसला. टाळकरी आपापल्या टाळांकडे बघायला लागले. एसटीतला साक्षीदार छताकडे बघत होता.

अण्णा आत आले. आपल्या जागेवर बसले, माळ सदऱ्याच्या वर काढून सारखी केली आणि पेटीचं बटण दाबलं. घरघर नाही, थरथर नाही.

"आबा," ते म्हणाले, "पट्टी कुठली देऊ?"